अक्कल, नक्कल आणि हुज्जत

घड्याळ काढून ठेवा. मोबाइल घरीच राहू द्या. सोबत घ्यायचे ते पाच शब्द घ्या: अक्कल, नक्कल, खबर, सनद आणि हुज्जत. पाचही लहानपणापासून तुमच्या तोंडात आहेत. ‘अक्कल गहाण टाकलीस का?’ हे तर प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू आलेलं. पण हे शब्द मुळात अरबी आणि आपण निघालोय त्या गावात ते अजून ताजे आहेत, टांकसाळीतून नुकत्याच पडलेल्या नाण्यांसारखे. तिथे त्यांचा भावही वेगळा आहे. तो कळला की परत यायचं.

मिटा डोळे. आता उघडा.

सगळ्यात आधी नाकाला कळेल. डांबर! उन्हात तापलेल्या डांबराचा वास, त्यात मेंढ्यांचा, ओल्या दोरखंडाचा आणि माणसांच्या घामाचा. पायाखालचं सगळं डुलतंय. घाबरू नका, तुम्ही पुलावर आहात. नावांना नावा बांधून वर फळ्या टाकलेला हा पूल आणि खाली तिग्रिस, उत्तरेकडच्या डोंगरांतला बर्फ वितळून फुगलेली, गढूळ चहासारखी. गोल टोपल्या गिरक्या घेत तरंगत येताहेत. त्या खरोखरच विणलेल्या टोपल्या आहेत, बाहेरून डांबर चोपडलेल्या. एकीत कांदे, एकीत दोन गाढवं आणि त्यांचा कावलेला मालक. मागून कोणीतरी गळा फाडून ओरडतं आणि त्या गदारोळातला एक शब्द तुम्हाला चक्क कळतो: ‘हमाल!’ सरका. नाही सरकलात तर त्याच्या पाठीवरची सागाची फळी तुमच्या कानशिलावर बसेल. साग बघून माहेरचं कोणी भेटल्यासारखं वाटेल. वाटू द्या, हे लाकूड हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून समुद्रमार्गे येतं.

साल ८३३. गाव बगदाद. वसंत संपत आलाय आणि उन्हाला धार यायला लागली आहे. खलिफा मामून मोहिमेवर गेलाय, त्याची काळजी तुम्हाला सध्या नको. भूक लागली असेल.

कर्खच्या बाजारात शिरा. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाढव आलं तर दोघांपैकी एकाने दुकानात शिरायचं आणि गाढव शिरत नाही. रात्रभर शिजलेला हरीसा आता हंड्यांतून उतरतोय. गहू आणि मांस घोटून घोटून एकजीव केलेलं, वर तुपाचा ओघळ आणि दालचिनी. आपल्या हलीमची ही पणजी. वाडगा हातात घ्या, चटका बसेल, बसू द्या. पैसे मागताना दुकानदार तुमच्या चेहऱ्याकडे निरखून बघतो आणि विचारतो, सिंधी का? रागावू नका, तो मान देतोय. इराकातल्या सराफांच्या पेढीवर थैली सांभाळायला सिंधी माणूसच हवा, असं इथे मानतात. हिंदवाले हिशेबाला पक्के, ही ख्याती तुमच्या आधी येऊन पोहोचली आहे.

आता कान द्या. शेजारच्या बाकड्यावर दोघं जेवताहेत. एकजण सांगतोय, वांगी खाल्ल्याने अमुक रोग बरा होतो, खुद्द पैगंबरांनीच तसं म्हटलंय. दुसरा घास न थांबवता विचारतो, ‘कोणी सांगितलं?’ पहिला म्हणतो, बाजारात ऐकलं. दुसरा बोटं चाटतो. ‘म्हणजे वांगी विकणाऱ्याने.’

हसलात ना? हे संभाषण मी रचलेलं आहे. पण वांग्याची हदीस, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितलं जाणारं वचन, मी रचलेली नाही. ती खरोखर फिरत होती आणि हदीसपंडितांनी ती बनावट म्हणून बाजूला काढली. ‘कोणी सांगितलं?’ हा प्रश्न या गावाच्या हवेत आहे, डांबराच्या वासासारखा. आज दिवसभर तोच तुमच्या मागे लागणार आहे.

पुढच्या वळणावर गोंगाट एकदम खाली येतो. खळीचा वास, काजळीचा वास, बोरूचं कुरकुरणं. हा वर्राकांचा, म्हणजे कागद आणि पुस्तकवाल्यांचा बाजार. एकामागून एक शंभरावर दुकानं. कोणी गव्हाच्या खळीने कागद घोटतंय, कोणी ओल्या अक्षरांवर वाळू भुरभुरतंय, कोणी पाठीला बाक येईस्तोवर नक्कल उतरवतंय. एका पोराच्या खांद्यावरून डोकावा. ख्वारिझ्मीचं अल-जब्र उतरवणं चाललंय. तुम्हाला शाळेतला ‘क्ष’ आठवून पोटात गोळा आला असेल, पण यातला मोठा भाग वाटणीचा आहे: बाई वारली, मागे नवरा, मुलगा, तीन मुली, शिवाय एका परक्याच्या नावे मृत्युपत्र, कोणाला किती? कोणाचा वाटा केवढा हे धर्माने सांगून ठेवलं. बेरीज जुळवायची मात्र डोकं चालवून. याच लेखकाने हिंदी आकड्यांवरही पुस्तक लिहिलंय. त्या पोराला सांगू नका की ते आकडे तुमच्याकडचे. तो पुरावा मागेल.

आणि तो बघा, दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला, सावळा, साठीकडे झुकलेला. डोळे असे बाहेर आलेले की त्यावरूनच नाव पडलं: जाहिझ, बटबटीत डोळ्यांचा. बसऱ्याचा. तरुणपणी कालव्याकाठी पाव आणि मासे विकायचा. वाचायचं वेड इतकं की वर्राकांची दुकानं रात्रीपुरती भाड्याने घ्यायचा आणि आतच कोंडून घेऊन सकाळपर्यंत वाचायचा. एकदा म्हणे आईने जेवणाच्या ताटात वह्या वाढल्या. बाळा, घरात तू एवढंच आणतोस, तेच खा.

जवळ जाऊन बसा. तो बोलत असेल आणि भोवती चार माणसं खो खो हसत असतील. आत्ता विषय शहामृगाचा आहे. शहामृग निखारे गिळतो असं लोक म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात. जाहिझचा गुरू नझ्झाम गेला बघायला. निखारा टाकला, पक्ष्याने गिळला. नझ्झामचं समाधान झालं नाही: निखारा हलका, तोंडात जाताच विझत असेल, दगड तापवून टाका. टाकला. तोही गिळला. मग लोखंडाचे तुकडे. तेही गिळले. आता पुढची पायरी, पक्षी कापून त्याच्या पोटात त्या लोखंडाचं काय होतं ते बघायचं. इतक्यात यजमानाच्या एका दोस्ताला हुशारी सुचली. त्याने सुरी तापवली आणि फेकली. शहामृगाने गिळली, सुरीचं टोक गळ्यातून बाहेर आलं आणि पक्षी जागीच कोसळला. प्रयोग संपला. जाहिझ ही हकिकत सांगतो तेव्हा त्याचा राग पक्ष्याच्या मरणावर कमी आणि वाया गेलेल्या पुराव्यावर जास्त आहे. तुमचा उलटा असेल, तर तसा असू द्या.

ही मंडळी मुतझिला पंथाची. श्रद्धाळू मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारे. त्यांचं म्हणणं असं की शंकेवाचून खात्री होत नाही. जिने शंकेचा उंबरठाच ओलांडला नाही ती खात्री नसते, सवय असते. सृष्टी ही देवाची करणी, मग ती नीट न बघता देवाबद्दल बोलायचं कशाच्या जोरावर? म्हणून जाहिझ प्राण्यांवर एक अवाढव्य ग्रंथ लिहितो. त्यात माश्या आहेत, कुत्रे आहेत, कबुतरं आहेत आणि ॲरिस्टॉटललाही ‘हे तू स्वतः पाहिलंस का?’ असं विचारणं आहे.

चुका तोही करायचा. गेंड्याचं पिल्लू आईच्या पोटातून डोकं बाहेर काढून चरतं आणि पुन्हा आत जातं, ही हिंदुस्थानातली म्हणून सांगितली जाणारी कथा त्याच्या ग्रंथात आली. पुढच्या शतकात बगदादचाच मसऊदी नावाचा प्रवासी आपल्या कोकणात चौलला येऊन गेला, ९१६ च्या सुमारास. अरब लोक चौलला सैमूर म्हणत आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं त्याने लिहून ठेवलंय. या मसऊदीने सिराफ आणि ओमानच्या दर्यावर्दींना आणि हिंदुस्थानात भेटलेल्या व्यापाऱ्यांना गेंड्याबद्दल सरळ विचारलं. सगळे चकित झाले. गेंडी गाई-म्हशीसारखीच विते, म्हणाले. मग मसऊदीने लिहिलं, जाहिझने हे कुठून आणलं कळत नाही. कोण सांगतं, कशावरून, हा जाहिझचाच प्रश्न जाहिझवर उलटला. त्याला बहुधा आवडलं असतं.

उठा. दुपारची बांग झाली.

बगदादच्या गोल नगरीच्या मध्यावर खलिफा मन्सूरने बांधलेली जामा मशीद आहे. चपला हातात घ्या, फरशी तापली आहे. वजूच्या पाण्याचा गारवा कोपरापर्यंत घ्या. तुम्ही मुसलमान असाल तर रांगेत उभे राहा, नसाल तर खांबाशी सावलीत थांबा, कोणी हटकणार नाही. आता भिंत बघा आणि मग माणसं बघा. काहीतरी खटकतंय ना? भिंत एकीकडे, माणसं किंचित दुसरीकडे. शेकडो खांदे भिंतीशी थोडे तिरके. रांग चुकलेली नाही, चुकली आहे ती भिंत. आधी राजवाडा बांधला आणि मशीद त्याला चिकटवली. वाड्याची रेघ सांभाळता सांभाळता मक्केची दिशा थोडी निसटली. ज्याला नेमकं किब्ल्याकडे तोंड करायचंय त्याने बसरा दरवाजाच्या अंगाला, डावीकडे जरा वळायचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी कुरकुर करत नाही. येतात आणि वळून उभे राहतात.

नमाज आटोपली की पुन्हा पूल ओलांडून पूर्वेला रुसाफ्याच्या मशिदीत चला. ती वाड्याच्या आधी बांधली, म्हणून तिची भिंत बरीच सरळ. ऊन आता डोक्यात शिरतंय. पाणके कातडी पखाली घेऊन फिरताहेत. एक घोट घ्या, चामड्याची चव येईल. खांबाखांबाशी घोळके आहेत. एका घोळक्यात पोरं गुडघ्यावर दौती तोलत हदीस लिहून घेताहेत. इथे तुमचा चौथा शब्द बाहेर काढा: सनद. आपल्याकडे सनद म्हटलं की इनाम, वतन, राजाचा शिक्का. इथे सनद म्हणजे माणसांची साखळी. मी अमक्याकडून ऐकलं, त्याने तमक्याकडून, असं करत थेट पैगंबरांपर्यंत. वाक्य कितीही गोड असो, आधी साखळी दाखव. एकेक कडी ठोकून बघतात: हा माणूस कोण, कुठला, खरं बोलायचा का, म्हातारपणी विसरायला लागला होता का, ज्याचं नाव घेतो त्याला भेटला तरी होता का. एका पंडिताने एकाला सहज विचारलं, अमक्या शेखांकडून तू कोणत्या साली ऐकलंस? त्याने साल सांगितलं. पंडित म्हणाला, म्हणजे ते वारल्यावर सात वर्षांनी!

या लोकांना मुतझिला मंडळी कोरडे पाठांतरवाले समजतात. अरबीत याला नक्ल म्हणतात, एकाकडून दुसऱ्याकडे जसंच्या तसं पोहोचवणं. तीच आपली नक्कल. पण नक्कल करायला अक्कल लागते, हे आपण उगीच म्हणत नाही. ती किती लागते ते बघायचं असेल तर या पोरांच्या शेजारी तासभर बसा. आणि हे पारखणं काही इथे सुरू झालं नाही. घरचे रडले की मेलेल्याला शिक्षा होते, अशी एक खबर पैगंबरांच्या नावे फिरायला लागली तेव्हा ती नाकारली खुद्द त्यांच्या पत्नी आयेशांनी. सांगणारा खोटारडा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, तो चुकीचं ऐकतोय म्हणाल्या. कारण कुराण सांगतं की कोणाचं ओझं कोणी वाहत नाही. मग हे कसं जुळायचं?

पलीकडचा घोळका मात्र मोठा आहे आणि तिथे हुंदके ऐकू येताहेत. तिथे कथेकरी बसलाय. हातवारे, थरथरता आवाज. अल्लाचं नाव घेतलं की प्रत्येक शब्दातून एक पक्षी जन्मतो, सोन्याची चोच, पोवळ्याचे पंख. तो पक्षी पानांमागून पानं उडतच राहतो. आणि सनद? ती सुद्धा दणक्यात: मला हे सांगितलं अहमद इब्न हनबल आणि याह्या इब्न मईन यांनी! बगदादमधले हदीसचे दोन सगळ्यात कडक परीक्षक.

तुमच्या उजव्या हाताला दोन माणसं बसली आहेत. एकमेकांकडे बघताहेत. तू सांगितलंस का रे याला? नाही बुवा, तू? तेच ते दोघं.

कथा संपते. कथेकरी नाणी गोळा करतो. याह्या त्याला बोटाने बोलावतो आणि तो आशेने धावत येतो, मोठी बक्षिसी असणार. याह्या म्हणतो, मी याह्या, हा अहमद. आम्ही हे आयुष्यात ऐकलेलं नाही. कथेकरी जराही दचकत नाही. याह्या इब्न मईन मूर्ख आहे असं ऐकून होतो, म्हणतो, आज खात्री पटली. जगात याह्या आणि अहमद काय तुम्ही दोघंच? मी सतरा अहमद इब्न हनबलांकडून लिहून घेतलंय! अहमद बाहीने तोंड झाकतो. जाऊ दे त्याला.

पोट धरून हसा, पण पुरतं हसून घेऊ नका. पाच शतकांनी दमास्कसच्या झहबी या टीकाकाराने या गोष्टीची साखळी तपासली आणि म्हटलं, हा सांगणारा कोण ते मला माहीत नाही, बहुधा त्यानेच ही रचली असावी. म्हणजे बनावट खबरीविषयीची ही सगळ्यात लाडकी खबरच बहुधा बनावट. तुम्ही मात्र आत्ता ती डोळ्यांनी पाहिलीत. कोणी दाखवली तुम्हाला? मी. मग माझी सनद मागायला विसरलात कसे?

सूर्य खाली गेला की पश्चिमेच्या काठावर परत या. एका मोठ्या घरात मजलिस आहे. खलिफा स्वतः मंगळवारी अशी बैठक भरवायचा आणि तिची रीत ठरलेली: आधी पोटभर जेवण, मग हात धुणं, मग ऊदाची धूपदाणी फिरणार, अंगाला वास लागला की पायांतलं काढून ऐसपैस बसायचं. रीत शहाणपणाची आहे. उपाशी माणूस हुज्जत घालतो ती आपल्या अर्थाने. आणि आपल्या चपला नीट लक्षात ठेवा. बायांना या सभेत सहसा जागा नसते. तुम्ही बाई असाल तर आजचा दिवस मी तुम्हाला जागा काढून दिली असं समजा. माझी सनद तशीही कच्चीच आहे.

तेलाच्या दिव्यांचा धूर छताला. गालिच्यावर मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, अग्निपूजक. एक असाही, जो काहीच मानत नाही आणि ते लपवतही नाही. दीडशेक वर्षांनी स्पेनहून एक धर्मनिष्ठ पाहुणा बगदादला येईल आणि अशाच सभेतून कानांवर हात ठेवून पळेल. कारण तिथला नियमच तसा: आपापला ग्रंथ पुढे करायचा नाही, कारण समोरचा तो मानत नाही. फक्त अकलेला पटेल ती हुज्जत. इथे हुज्जत म्हणजे भांडण नव्हे. हुज्जत म्हणजे पुरावा. हा शब्द आपल्याकडे येईतो त्यातला पुरावा वाटेत कुठे सांडला आणि भांडण तेवढं का उरलं, याचा मी बऱ्याचदा विचार करतो.

कोणीतरी जोडा मध्ये ठेवतो. म्हातारा अबुल-हुझैल आणि त्याचा भाचा नझ्झाम यांच्यातला हा गाजलेला वाद आज त्यांचे चेले खेळताहेत. जोड्यावरून मुंगी चालली आहे. जोड्याचे अर्धे करा, अर्ध्याचे अर्धे करा, हे कधीच संपणार नसेल तर मुंगी पलीकडे पोहोचते कशी? एक म्हणतो, तुकडे कुठेतरी संपतात, शेवटचा कण असतो. दुसरा म्हणतो, संपत नाहीत. मुंगी अधूनमधून उडी मारते, मधली जागा न ओलांडताच. लोक हसतात. खरी मुंगी कोणी आणलेली नाही, हे मला जरा खटकतं. शहामृगवाल्यांकडून ही अपेक्षा नव्हती.

मग विषय खोल जातो. खोटं बोलणं वाईट, ते देवाने मना केलं म्हणून वाईट, की वाईट आहे म्हणून देवाने मना केलं? मुतझिला दुसऱ्या बाजूचे. देव न्यायी आहे, असं म्हणायचं तर न्याय म्हणजे काय हे आपल्या अकलेला आधी कळायला हवं, नाहीतर त्या वाक्याला अर्थच नाही. मागच्या बाजूने कोणी विचारतं, अकलेने देवाचं माप घेणार? दुसरा म्हणतो, ती अक्कल दिली कोणी? आवाज चढतो. यजमान हात वर करतो, आवाज उतरतो. कपाळावरून घाम ओघळतोय, ऊदाचा वास आता जड झालाय.

आणि मग अचानक सगळे तुमच्याकडे वळतात. हिंदहून आलास ना? तू काय मानतोस?

तुम्ही सांगता. जे काही आहे ते, चाचरत.

‘कशावरून?’

आमच्याकडे सगळे मानतात, तुम्ही म्हणता. घरात तेच होतं. वडील, आजोबा.

कोणी हसत नाही. शेजारचा माणूस हळू आवाजात एक शब्द सांगतो: तकलीद. आंधळं अनुकरण. शब्दाच्या मुळाशी जनावराच्या गळ्यात पट्टा अडकवण्याची कल्पना आहे. ज्यू ज्यूच्या घरी जन्मला म्हणून ज्यू, अग्निपूजक अग्निपूजकाच्या घरी, आणि मी मुसलमानाच्या घरी जन्मलो म्हणून मुसलमान, असं असेल तर, तो म्हणतो, आमचं खरं आणि त्यांचं खोटं हे मी कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून शहाण्या झालेल्या माणसाचं पहिलं कर्तव्य नमाज नाही, रोजा नाही. पहिलं कर्तव्य स्वतः विचार करून बघणं. आणि तो स्वतःच्या गळ्यावरून, जिथे पट्टा असता तिथून, बोट फिरवतो.

तुमचाही हात गळ्याकडे जातो. जाऊ द्या. आडनाव तिथेच कुठेतरी असतं.

दाराशी गडबड होते. बगदादचा सुभेदार इसहाक इब्न इब्राहिमच्या कचेरीतून कोणी आलाय. खलिफाचं पत्र आलं म्हणे. काझींना आणि हदीसवाल्यांना बोलावून एकेकाला विचारायचं: कुराण अल्लाने निर्माण केलेलं आहे, असं मानतोस की नाही? खोलीत चुळबुळ. हे तर इथल्यांचंच मत! अल्लाशिवाय दुसरं काहीही अनादि नाही, मग त्याची वाणीसुद्धा निर्मितच, यावर या गालिच्यावर किती रात्री गेल्या. दोघंतिघं तरुण खुश होऊन एकमेकांच्या मांडीवर थाप मारतात. त्यांची हुज्जत जिंकली.

एक म्हातारा विचारतो, ‘आणि कोणी नाही म्हणाला तर?’

निरोप्या उत्तर देत नाही. म्हातारा उठतो, जोड्यांच्या ढिगातून आपला जोडा शोधायला लागतो. एक सापडतो, दुसरा लवकर सापडत नाही; तो मुंगीच्या वादासाठी मध्ये नेलेला होता.

पुढचं मी तुम्हाला दाखवणार नाही, सांगून टाकतो. दुपारी भेटलेल्या याह्याला बोलावतील आणि तो भीतीने हो म्हणेल. अहमद नाही म्हणेल. त्याला बेड्या पडतील, तुरुंग होईल आणि पुढच्या खलिफाच्या, मुअतसिमच्या समोर फटके बसतील. तो प्रत्येक वेळी एकच मागेल: अल्लाच्या ग्रंथातून किंवा पैगंबरांच्या वचनातून काही दाखवा, मी मानतो. म्हणजे पुरावाच मागत होता तोही, फक्त त्याच्या वजनकाट्यावरचा. पंधराएक वर्षं ही चौकशी चालेल. शेवटी बगदादची गल्लीबोळं अहमदच्या मागे जातील आणि ‘कशावरून?’ विचारणाऱ्यांच्या नावाला चाबकाचा वास कायमचा चिकटेल. जाहिझ तेव्हा कोणत्या बाजूला होता? चौकशीच्या. त्याने तिची पाठराखण करणारं लिहिलं. मला जाहिझ फार आवडतो, म्हणून हे लिहिताना बोरू जड होतो.

चला, तुम्हाला पुलापर्यंत सोडतो. रात्र कलली आहे. नदी थंड झाली आहे आणि डांबराचा वास आता जवळजवळ येत नाही. कर्खकडे हंडे चढलेत, हरीसा घोटण्याचा ठक ठक आवाज पाण्यावरून येतोय. निघण्याआधी हवं तर मन्सूरच्या मशिदीत एकदा डोकावा, पहाटेची नमाज उभी राहते आहे. दिवा एकच, तोही इमामापाशी. भिंत दिसत नाही, राजवाडा दिसत नाही, कोण कोणाच्या शेजारी उभा आहे तेही दिसत नाही. बाह्यांची सळसळ ऐकू येते आणि मग पायांचा आवाज, शंभर-दोनशे पाय फरशीवर जरासे घासतात, डावीकडे.